मधली सुट्टी उन्हात जाऊ द्या : शाळेचं वेळापत्रक आखणाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शाळा व्यवस्थापनातले सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची. कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचं मनगट नुकतंच प्लास्टरमधून सुटलेलं, कुणाचा मणका दबून पाठीला बाक आलेला. शाळकरी मुलांशी माझा कामापुरता फारसा संबंध येत नाही. तरीही हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण मी ज्या दुखण्यावर उपचार करते त्याची पाळंमुळं शाळेच्या वयात असतात. आणि त्या वयातला दिवसाचा मोठा भाग, नेमका ऊन डोक्यावर असतानाचा, तुमच्या घंटेवर चालतो.

परवा एका आजींना ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं केलं. वय बहात्तर. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या, दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला, आणि तीन वेळा उठायचा प्रयत्न करून चौथ्यांदा उभ्या राहिल्या. मी कमरेच्या पट्ट्याला धरून होते. हाताच्या शिरा ताणलेल्या, ओठ मिटलेले. सहा पावलं टाकली आणि म्हणाल्या, "पुरे गं आता." काही मोठा अपघात झाला नव्हता. ओल्या फरशीवर पाय जरासा सरकला, भिंतीला धरता धरता त्या खाली बसल्या, तेवढ्यात खुबा मोडला. परत पलंगावर टेकल्यावर त्यांनी विचारलं, "मी रोज दूध पीत होते की. मग माझी हाडं अशी कशी झाली?"

त्यांची नात बाजूला उभी होती. बारा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, थेट शाळेतून आलेली. मी तिला सहज विचारलं, "मधल्या सुट्टीत काय खेळता?" ती म्हणाली, "वर्गातच बसतो. दुपारी पटांगण बंद असतं."

आजींच्या प्रश्नाचं उत्तर आणि नातीचं हे वाक्य, या दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. तो समजावून सांगावा म्हणून हे पत्र.

हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की झालं, अशी आपली समजूत असते. हाड जिवंत असतं. त्यात दोन प्रकारच्या पेशी अखंड कामावर असतात. एक प्रकार जुनं हाड कुरतडून काढतो, दुसरा तिथे नवं घालतो. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने बांधला जातो. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं जेमतेम एक टक्का रक्तात आणि पेशींत असतं, पण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, नसांमधले संदेश हे सगळं त्या एका टक्क्यावर चालतं. त्यामुळे रक्तातली पातळी शरीर जराही ढळू देत नाही. जेवणातून कॅल्शियम कमी आलं की गळ्यातल्या थायरॉइडला चिकटलेल्या चार लहान ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतून ते काढलं जातं. रक्त तपासलं तर सगळं ठीक दिसतं. ठेव मात्र मोडत असते, आणि ती मोडताना काही दुखत नाही.

ही ठेव भरायचे दिवस मोजके असतात. माणसाच्या आयुष्यातल्या सर्वोच्च हाडसाठ्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग अठरा-वीस वर्षांपर्यंत भरून झालेला असतो. त्यातही उंची सर्वांत भराभर वाढते ती दोन वर्षं विलक्षण महत्त्वाची. मुलींची साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी, मुलग्यांची चौदाव्याच्या आसपास. मोठेपणी हाडांत जितकं खनिज असतं त्याचा जवळजवळ चौथा भाग या दोन वर्षांत बसतो. पुढे तिशीपर्यंत थोडी भर पडते, मग उतरण सुरू होते, आणि बायकांची पाळी गेल्यानंतरची काही वर्षं ती फार वेगाने होते. बहात्तराव्या वर्षी घसरलेल्या पायाचं हाड टिकेल की मोडेल, हे बऱ्याच अंशी तेराव्या वर्षी किती जमा झालं होतं यावर ठरतं.

म्हणजे सहावी ते नववीचे वर्ग. तुम्ही या वर्गांचं वेळापत्रक आठवून पाहा. खेळाचा तास कमी झालेला, परीक्षा जवळ आली की तोही गणिताला दिलेला, मधली सुट्टी वीस मिनिटांची, आणि तीही वर्गात.

आता उन्हाबद्दल. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कसं मिळतं हे नीट माहीत नसल्यामुळे आपण उन्हाची भलतीच वेळ निवडतो. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचं एक द्रव्य असतं. सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण त्यावर पडले की त्याचं रूपांतर होतं आणि शरीराच्या उबेने पुढे त्याचंच ड जीवनसत्त्व बनतं. मग यकृतात एक फेरफार, मूत्रपिंडात दुसरा, आणि तेव्हा कुठे ते कामाला लागतं. त्याचं मुख्य काम आतड्यात: जेवणातलं कॅल्शियम आत ओढून घ्यायचं. ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी 30 ते 40 टक्के शरीरात शिरतं. ते नसेल तर 10 ते 15 टक्केच. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. दूध त्या पीत होत्या, पण आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी घराच्या आतच काढली. पेल्यातलं कॅल्शियम आतड्याच्या दारापर्यंत आलं, आणि दार उघडणारं कुणी नव्हतं.

हे अतिनील-ब किरण फार नाजूक असतात. सूर्य खाली असला की त्यांना वातावरणाचा जाड थर तिरका कापून यावं लागतं आणि वाटेतच ते गळून जातात. म्हणून सकाळचं कोवळं ऊन, जे आपण बाळांना आणि म्हाताऱ्यांना आवर्जून देतो, त्यातून ड जीवनसत्त्व फारच थोडं बनतं. कोवळं ऊन वाईट नाही. ते अंगाला सुखावतं, झोपेचं चक्र ताळ्यावर ठेवतं. पण सकाळी सातची कवायत घेतली म्हणजे मुलांना ऊन मिळालं, असं समजणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, आणि तिथे मला फार वाईट वाटतं, कारण हेतू चांगला असून काम होत नाही.

याची खूणगाठ अगदी सोपी आहे: सावली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हाने ड जीवनसत्त्व नाममात्र बनतं. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की काम सुरू. एका शाळेत मुलांच्या दप्तरांच्या ओझ्यावर बोलायला गेले होते, तेव्हा शिक्षकांची परवानगी काढून सातवीच्या वर्गाला घेऊन हे मोजून पाहिलं. सकाळी साडेसातला एक मुलगी पटांगणात ताठ उभी राहिली, दोघांनी टेप धरला. तिची उंची 140 सेंटिमीटर, सावली तीन मीटरच्याही पुढे गेलेली, पार झाडाच्या आळ्यापर्यंत. दुपारी साडेबाराला तीच मुलगी त्याच जागी उभी राहिली. सावली 70 सेंटिमीटर, पायाशी गोळा झालेली. मुलं आपापल्या सावल्या मोजायला धावली, कुणी पावलांनी, कुणी पट्टीने. पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या हातापायांवर जे ऊन पडलं, ते सकाळच्या तासाभरापेक्षा कितीतरी कामाचं होतं. घंटा झाली, मुलं आत गेली आणि पटांगणाला कुलूप लागलं.

आणखी एक गैरसमज खिडकीचा. आमचे वर्ग छान उजेडाचे आहेत, असं मुख्याध्यापक अभिमानाने सांगतात. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण अतिनील-ब किरण काच अडवते. काचेआडच्या उन्हात दिवसभर बसलं तरी त्वचेत ड जीवनसत्त्व बनत नाही. स्कूलबसच्या खिडकीचंही तेच.

हे आज कुणी नव्याने शोधलेलं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मुडदूस इतका बोकाळला होता की डॅनियल व्हिसलरने 1645 मध्ये आणि फ्रान्सिस ग्लिसनने 1650 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. मऊ पडलेली हाडं, धनुष्यासारखे वाकलेले पाय, फुगलेली मनगटं. पुढे कारखान्यांची शहरं वाढली, अरुंद गल्ल्या आणि कोळशाच्या धुराने आकाश झाकलं, आणि हा रोग गरिबांच्या मुलांमध्ये घरोघर पसरला. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहून आलेल्या थिओबाल्ड पामला ब्रिटनमध्ये परतल्यावर ही वाकड्या पायांची मुलं डोळ्यांत खुपली. जपानमध्ये त्याने असं पाहिलंच नव्हतं. त्याने देशोदेशींच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवली आणि 1890 मध्ये मांडलं की जिथे खाणं निकृष्ट आहे, स्वच्छता नाही, पण ऊन भरपूर आहे, तिथे मुडदूस क्वचित दिसतो. मुलांना उन्हात न्या, एवढं त्याचं सांगणं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये उपासमारीने खंगलेल्या मुलांवर कुर्ट हुल्डशिन्स्की उपचार करत होता. 1919 मध्ये त्याने पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण मुलांना दिले आणि एक्स-रेवर हाडं भरून येताना दिसली. त्याने एकाच हातावर किरण दिले, तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांना घरात कोंडून, मुख्यतः ओटवर वाढवून मुडदूस आणत होता आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा करत होता. एक म्हणत होता ऊन, दुसरा म्हणत होता अन्न. दोघांचंही खरं निघालं. 1922 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ एल्मर मॅककॉलमने तेलातल्या त्या घटकाला ड जीवनसत्त्व म्हटलं, आणि त्वचेत उन्हाने बनतं ते याच जातीचं, हे लवकरच कळलं.

मला या सगळ्यात हुल्डशिन्स्कीची मुलं सारखी आठवतात. उन्हाला पर्याय म्हणून दिवा लावावा लागला, कारण ती शहरं आणि तो हिवाळा. उत्तरेकडच्या देशांत ही अडचण आजही आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्वचेत ड जीवनसत्त्व बनतच नाही, सूर्य इतका खाली असतो. जिथे सूर्य वर्षभर डोक्यावर येतो, तिथल्या शाळांनी त्याच वेळेला दारं लावून घ्यावीत, याचं दुःख वेगळं आहे.

किती वेळ ऊन हवं? सगळ्यांना एक आकडा लावता येत नाही. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, ते किरण अडवतं, त्यामुळे गोऱ्या माणसाला दहा मिनिटांत जेवढं मिळतं त्याला सावळ्या माणसाला कितीतरी जास्त वेळ लागतो. धुरकट हवा किरण शोषून घेते. ऋतू, ढग, अंगावरचे कपडे, सगळ्याने फरक पडतो. पण हातपाय उघडे ठेवून मधल्या सुट्टीची वीस-तीस मिनिटं, आठवड्यातले बहुतेक दिवस, हा बहुतेक मुलांसाठी समंजस आरंभ आहे. त्वचा लाल होईपर्यंत मुळीच थांबायचं नाही. भाजलेल्या त्वचेचा हाडांना काही उपयोग नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. उन्हाची एक गोष्ट मला फार आवडते: त्याला स्वतःचा लगाम आहे. गरजेपुरतं बनलं की पुढचं ऊन त्याच द्रव्याचं रूपांतर निरुपयोगी पदार्थांत करत राहतं. म्हणून उन्हातून ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. गोळ्यांना हा लगाम नाही. डॉक्टरांनी तपासून दिलेली गोळी जरूर घ्यावी, काही मुलांना ती लागतेच. पण शाळेने सरसकट पुड्या वाटणं, किंवा पालकांनी दुकानातून आणून मनाने मोठे डोस देणं धोक्याचं आहे. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आता डब्याकडे येते. ऊन दार उघडेल, पण आत यायला काही हवं ना. वाढीच्या वयात रोज साधारण हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. काही देशांची शिफारस 1300 पर्यंत जाते. एवढं एका पेल्यातून येत नाही. 100 मिलिलिटर दुधात 120 मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

जगभरच्या जुन्या स्वयंपाकघरांनी हे कोडं आपापल्या परीने सोडवलं होतं, कॅल्शियम हा शब्द कुणी ऐकलेला नसताना. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, मग धुऊन वाटतात. त्याने दाणा मऊ होतो, आणि मक्यात मुळात नसलेलं कॅल्शियम चुन्यातून त्यात उतरतं. नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या माणसांनी बोटाएवढे मासे काट्यासकट खाल्ले. माशाच्या मांसात कॅल्शियम बेताचंच, ते काट्यांत असतं. जनावरं पाळणाऱ्यांनी दुधाचं दही लावलं, ताक केलं, चीज केलं, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही ते पचू लागलं.

आणि नाचणी. आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातलं हे धान्य हजारो वर्षांपूर्वी भारतात आलं. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही नाहीत. पण इथे एक बारकावा आहे, आणि जुन्या बायकांना तो हाताने माहीत होता. धान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. नाचणी रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की तांबूस दाण्यांतून केसासारखे पांढरे मोड बाहेर आलेले असतात, आणि फडक्याला ओल्या मातीसारखा वास येतो. मग सावलीत वाळवून, मंद भाजून दळायची. त्या मोड येण्याच्या काळात दाणा स्वतःच फायटेट मोडत असतो. पीठ आंबवलं तरी तेच होतं. विकतच्या चकचकीत पाकिटावर नाचणीचं नाव आणि आत मैदा-साखर, त्याने हे काम होणार नाही.

तिळाचंही तसंच समजून घ्यायला हवं. साल असलेल्या 100 ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं. पांढरेशुभ्र सोललेले तीळ घेतले तर त्यातलं बहुतेक सालीबरोबर निघून गेलेलं असतं. सालीत ऑक्झलेटही असतं, तेही फायटेटसारखं कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे सालीतलं सगळंच अंगी लागत नाही, हेही खरं. हाच हिशेब पालकाच्या भाजीचा. पालकात कॅल्शियम भरपूर, पण ऑक्झलेटने इतकं जखडलेलं की त्यातलं पाच टक्क्यांच्या आसपासच शोषलं जातं. दुधातलं पंचवीस-तीस टक्के शोषलं जातं. पालक चवीसाठी जरूर खा, पण हाडांचा भरवसा त्याच्यावर ठेवू नका. कोबी-मोहरीच्या कुळातल्या हिरव्या पानांत ऑक्झलेट कमी असतं, त्यातलं कॅल्शियम चांगलं लागतं. हाडांचा रस्सा पिऊन हाडं भरतात हीही समजूतच. पाण्यात उकळलेल्या हाडांतून कॅल्शियम फारच थोडं सुटतं.

एवढं कॅल्शियम सांगितलं, पण हाडाचा चुना ज्यावर बसतो ती जाळी प्रथिनांची असते. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दूध यांपैकी काहीतरी रोज पुरेसं हवं. आणि मीठ आवरायला हवं. जादा मीठ लघवीतून बाहेर जाताना कॅल्शियमला बरोबर घेऊन जातं. तुमच्या शाळेच्या उपाहारगृहात खारट कुरकुरीत पाकिटांची आणि गोड फसफसत्या पेयांची जागा किती आहे, आणि दही-ताकाची किती, हे एकदा उभं राहून पाहा.

ड जीवनसत्त्व स्वतः मात्र अन्नात फार थोडं मिळतं. तेलकट मासे, अंड्याचा बलक, उन्हात ठेवलेली अळंबी, एवढंच. म्हणून डबा कितीही चांगला असला तरी तो उन्हाची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती माझ्या धंद्याची आहे. हाडाला भार लागतो. बर्लिनचा शल्यचिकित्सक युलियस वोल्फ याने 1892 मध्ये लिहिलं की हाडावर जसा भार येतो तसं ते घडत जातं. अंतराळवीर भाराविना राहतात तेव्हा खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतं. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांचे दोन्ही हात तपासले गेले, 1995 मध्ये तो अभ्यास छापून आला. खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा भक्कम होतंच, पण ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी खेळायला सुरुवात केली होती त्यांचा फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट निघाला. हाडाला हळू चालणं पुरत नाही. उडी, धाव, झटक्याने वळणं, आपटणारा पाय, हे हवं असतं. लंगडी, दोरीवरच्या उड्या, पकडापकडी. मुलांना सांगावंही लागत नाही, फक्त दार उघडं लागतं.

तुमच्या हरकती मला माहीत आहेत. कडक उन्हाळ्यात मुलं चक्कर येऊन पडतील. बरोबर आहे. तेव्हा सुट्टी थोडी आधी घ्या, सकाळी दहा-साडेदहाला. सावली उंचीपेक्षा आखूड झालेली असली की पुरे. डोक्यावर टोपी, हातापायांवर ऊन, पाण्याच्या बाटल्या हाताशी आणि पटांगणाच्या कडेला झाडाची सावली. ज्या दिवशी उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी नका नेऊ. पण तेवढ्यासाठी वर्षभर कुलूप कशाला?

दुसरी हरकत पालकांची, आणि ती मला आतून हलवते. "मुलगी काळवंडेल." एका शाळेत शिक्षिकेने मला सांगितलं की मुलींना उन्हात खेळवू नका अशी चिठ्ठी दर वर्षी येते, मुलग्यांसाठी एकही नाही. पुढे ज्यांची पाळी जाऊन हाडं भराभर झिजणार आहेत, ज्यांच्याजवळ जास्त ठेव असायला हवी, नेमक्या त्याच सावलीत बसवल्या जातात. माझ्याकडे खुबा मोडून येणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. अशी चिठ्ठी आली तर कृपा करून तिच्यापुढे मान तुकवू नका. पालकांना बोलवा आणि हाडांचा हिशेब समजावून सांगा.

तिसरी हरकत अभ्यासक्रमाची: वेळ नाही. चीनमधल्या ग्वांगझूच्या बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. सहा शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला. तीन वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांपैकी 30 टक्क्यांच्या आसपास मुलांना दूरचं नीट न दिसण्याचा दोष जडला होता, बाकीच्या शाळांत सुमारे 40 टक्क्यांना. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो प्रयोग डोळ्यांसाठी होता, हाडांसाठी नव्हे. पण वेळापत्रकात चाळीस मिनिटं निघू शकतात, हे त्या शाळांनी करून दाखवलं.

माझं मागणं मोठं नाही. मधली सुट्टी सावली आखूड असतानाच्या वेळेत ठेवा आणि ती निदान चाळीस मिनिटांची करा, म्हणजे डबा घाईने गिळावा लागणार नाही आणि उरलेला वेळ पटांगणात जाईल. सुट्टीत वर्ग रिकामे करा. खेळाचा तास परीक्षेच्या महिन्यातही कुणाला देऊ नका. सहावी ते नववीच्या पालकांची एक सभा फक्त डब्यावर घ्या, आणि त्या सभेला आजी-आजोबांनाही बोलवा, कारण मोड आलेली नाचणी दळायचं तंत्र त्यांच्या हातात आहे.

त्या आजी आता वॉकर घेऊन दारापर्यंत जातात. काल त्यांना मी अंगणात नेलं, साडेअकराला, खुर्ची उन्हात ठेवून. हातांवरची साडी कोपरापर्यंत सरकवून बसल्या. नात शाळेत होती. तिची मधली सुट्टी सव्वाबाराला होते. तेव्हा पटांगण उघडं असेल का, हे तुम्ही ठरवणार आहात.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. सावली मोजायला टेप घेऊन यायची माझी कधीही तयारी आहे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट